बळाची वही

सांगलीच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गर्दी दाटली होती. सारे नोकर गिऱ्हाइकांत गुंतलेले पाहून ५७ वर्षांचे मालक स्वतःच गादीवरून उठले आणि खालच्या फळीवरचा तागा काढण्यासाठी वाकले. तागा हातात आला, पण कंबर सरळ होईना. घरीदारी सारे ज्यांना अण्णा म्हणतात, ते अण्णा त्या दिवशी नोकराच्या खांद्यावर हात टाकून घरी गेले. चार दिवसांनी वहीपूजनाच्या वेळी घरातील मंडळी गादीवर बसली. अण्णा मात्र मागे स्टुलावर बसून होते. दुकान चालवायला घेतल्यापासून असे प्रथमच घडले होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासले. क्ष-किरण चित्रात मणक्यांची वयोमानाप्रमाणे झीज होती, त्याहून अधिक काही नव्हते. पायात मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, हाडे ठीक आहेत. त्यांना धरून ठेवणारे स्नायू निजले आहेत. त्यांना जागे करावे लागेल." दुखणे ओसरल्यावर भौतिकोपचार करणाऱ्या एका तरुण बाईंकडे अण्णांची रवानगी झाली. त्यांनी चार व्यायाम शिकवले: कोपरे आणि गुडघे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरणे, पाठीवर निजून कंबर उचलणे, हातागुडघ्यांवर येऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांबवणे, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवर बसून उठणे.

पहिल्या दिवशी अण्णांनी उत्साहाच्या भरात सांगितल्याच्या दुप्पट व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कापत होत्या. तिसऱ्या दिवशी हसले तरी पोट दुखे. दोन दिवस विश्रांती झाली, मग लग्नसराईची खरेदी आली आणि दहाव्या दिवशी सतरंजी कपाटावर गेली. "दुखते म्हणून गेलो, तर त्यांनी आणखी दुखवले," हा त्यांचा निवाडा होता आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

असे निवाडे अनेक घरांतून दिले जातात. पहाटे फिरायला जाणारी माणसे पेठेत पुष्कळ आढळतात. चालण्याने श्वास आणि हृदय यांची काळजी घेतली जाते, ते उत्तमच. परंतु बळाचा व्यायाम, म्हणजे वजन किंवा स्वतःच्याच शरीराचा भार पेलण्याचा व्यायाम, नेमाने करणारे थोडे. चालणे सुखद असते. बळाच्या व्यायामात क्लेश आहेत, आणि ते टाळण्याकडे मनाची स्वाभाविक ओढ असते. म्हणून या व्यायामात टिकून कसे राहावे, हा प्रश्न आधी त्या क्लेशांचे स्वरूप नीट ओळखण्याचा आहे.

वयाच्या तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. जो दिवसाचे दहा तास गादीवर किंवा गल्ल्यामागे बसतो, त्याच्या मांड्या, नितंब आणि धड यांचे स्नायू वापराअभावी अधिकच दुर्बळ होतात. धडाच्या बळाविषयी एक गैरसमज रूढ आहे, की ते म्हणजे पोटावरच्या उठावदार रेषा. वस्तुतः धडाचा गाभा एखाद्या पिंपासारखा असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे आणि बाजूंना पोटाचे थर, मागे मणक्यांलगतचे बारीक स्नायू. माणूस वाकतो, वळतो, ओझे उचलतो, तेव्हा हे पिंप सर्व बाजूंनी आवळले जाते आणि कणा स्थिर राहतो. ते सैल असेल, तर तीन किलोचा तागाही कंबरेला जड होतो.

अण्णांना सतरंजीकडे परत नेणारी गोष्ट मात्र शरीरशास्त्राची नव्हती. त्यांच्या वडिलांची अखेरची चार वर्षे घराने पाहिली होती. बुद्धी शाबूत, पचन उत्तम, डोळ्यांना दिसत होते. पण शौचाच्या आसनावरून उठवायला दोन माणसे लागत. ज्या गृहस्थांनी हयातभर कोणाचे देणे ठेवले नाही, त्यांना रोज पहाटे सुनेला हाक मारावी लागे आणि त्या हाकेतील संकोच घरातल्या कोणाच्याच विस्मरणात गेला नव्हता. एका रात्री अण्णा पलंगावरून उठताना दोन्ही हात टेकून क्षणभर थांबले. ते पाहून त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "अहो, मामंजी असेच उठायचे." दुसऱ्या दिवशी सतरंजी कपाटावरून खाली आली.

यात एक बोध आहे. 'प्रकृती सुधारावी' ही इच्छा फार ढोबळ असते; पहाटेच्या थंडीत ती माणसाला अंथरुणातून ओढून काढू शकत नाही. हेतू जितका नेमका, जितका घरातला, तितका तो टिकतो. नातीला कडेवर घ्यायचे आहे, गिरनारच्या पायऱ्या चढायच्या आहेत, म्हातारपणी कोणाला हाक मारायची नाही, असे काही मनाशी निश्चित असले की शरीराच्या तक्रारीला उत्तर देता येते.

भौतिकोपचाराच्या बाईंनी या वेळी व्यायामाच्या आधी एक प्रश्न विचारला. "काका, दुखते म्हणता, पण कुठे दुखते, कधी दुखते आणि कसे दुखते, ते आधी सांगा." व्यापाऱ्याला खर्च आणि नुकसान यांतील भेद सांगावा लागत नाही. दोन्हींत पैसा हातचा जातो. पण खर्चातून माल येतो आणि नुकसानीतून काहीच येत नाही. व्यायामातील दुःखांचेही असेच भेद आहेत.

पहिले दुःख श्रमाचे. फळीसारखे शरीर धरले असता काही क्षणांत पोटात आग होते आणि अंग थरथरू लागते. ही थरथर दुर्बळतेची नामुष्की नाही. स्नायूतंतूंच्या तुकड्या थकत जातात, त्यांची जागा घेण्यासाठी मज्जासंस्था नव्या तुकड्या पुढे करते आणि या अदलाबदलीत गुळगुळीतपणा राहत नाही. आग होते ती श्रमातून साचलेल्या रासायनिक द्रव्यांमुळे. व्यायाम थांबताच ती काही मिनिटांत शमते. जे दुःख थांबताक्षणी ओसरू लागते, ते श्रमाचे समजावे.

दुसरे दुःख उशिरा येणारे. अण्णांना जिन्यावर गाठणारे ते हेच. ते व्यायामानंतर साधारण एका दिवसाने सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि आठवड्याच्या आत निवते. पुष्कळांच्या मते हे साचलेल्या आम्लाचे काम. पण श्रमात तयार झालेले लॅक्टेट तासाभरात रक्तातून निवळलेले असते. थिओडोर हॉ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच असे मांडले होते, की या वेदनेचे मूळ स्नायूतील सूक्ष्म इजेत असावे. भार पेलत स्नायू लांबतो तेव्हा अशी इजा विशेष होते. खुर्चीवर सावकाश बसताना मांडीचे स्नायू नेमके हेच करतात. समाधानाची बाब अशी, की तोच व्यायाम पुन्हा केला असता दुसऱ्या खेपेस वेदना बरीच कमी होते. जो पहिल्या वेदनेला भिऊन दीर्घकाळ थांबतो, तो हा लाभ हळूहळू गमावतो आणि वारंवार पहिल्याच दिवसाचे मोल भरत राहतो.

तिसरे दुःख धोक्याचे. सांध्यात टोचल्यासारखी तीव्र कळ, कंबरेतून पायात उतरणारी वेदना, मुंग्या, बधिरपणा, सूज, छातीत दाब, चक्कर, ही सारी तत्काळ थांबण्याची आणि डॉक्टरांकडे जाण्याची चिन्हे आहेत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे आणि अतिश्रमानंतर लघवीचा रंग काळपट होणे, यांत तर तासाचाही विलंब करू नये. हे दुःख सोसण्यात पुरुषार्थ नाही. पहिल्या दोन दुःखांपुढे टिकून राहण्याचे धैर्य आणि तिसऱ्यापुढे थांबण्याचा विवेक, दोन्ही एकाच शहाणपणाचे अंग आहेत.

पुढचा प्रश्न मात्रेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने गुडघ्याच्या दुखापतींनी मांड्या सुकलेल्या सैनिकांवर पायरीपायरीने वजन वाढवण्याची पद्धत वापरली. तोवर अशा रुग्णांना हलक्या हालचालीच दिल्या जात. भार थोडा, पण वाढता ठेवल्याने सैनिक लवकर सावरले आणि पुढे हीच रीत जगभर मान्य झाली. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींना हे तत्त्व नवे नव्हते. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी मोठा आकडा देत नसे. जोर-बैठका थोड्या थोड्या वाढत आणि अंग धरू लागले की मगच मुद्गल हाती येई.

कण्याच्या बाबतीत कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे काम मार्गदर्शक आहे. एका दमात मिनिटे-मिनिटे ताणून धरण्याऐवजी सुमारे दहा सेकंदच धरावे, सोडावे, पुन्हा धरावे आणि प्रत्येक फेरीत संख्या घटवत न्यावी, असे ते सुचवतात. कण्याला एका वेळच्या मोठ्या जोरापेक्षा दिवसभर पुरणारी चिकाटी अधिक लागते, हे त्यामागचे सूत्र. अण्णांना हे विशेष रुचले. दहा सेकंद म्हणजे दोन-तीन शांत श्वास. एक मिनिटाचा डोंगर समोर दिसला की मन पाऊल मागे घेते. तीन श्वासांना कोणी नाही म्हणत नाही.

श्रम मोजण्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी अगदी साधे साधन दिले. श्रम किती जड वाटले, हे ज्याचे त्याने शून्य ते दहा अशा अंकांत सांगायचे. प्रारंभीच्या आठवड्यांत तीन-चारवर थांबावे, पुढे पाच ते सातपर्यंत जावे. व्यायाम थांबवताना आणखी दोन-तीन आवर्तने होऊ शकली असती, इतकी शिल्लक अंगात राहू द्यावी. रोज दिवाळखोरीपर्यंत जाणारा फार दिवस टिकत नाही.

मनाचीही काही रीत आहे. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत आरशात काही दिसत नाही आणि इथेच बहुतेक जण निराश होतात. परंतु या काळात बळ वाढत असते. स्नायू जाड होण्याआधी मज्जासंस्था त्यांना एकवटून वापरायला शिकते. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण नोंदीत दिसते. म्हणून अण्णांच्या नातवाने त्यांना मोबाइलवरची युक्ती दाखवली, ती त्यांनी नाकारली आणि दुकानातली एक लाल वही घेतली. तारीख, व्यायाम, आवर्तने, श्रमाचा अंक, एवढेच रकाने. महिनाअखेरीस जुनी पाने चाळली, तेव्हा पहिल्या दिवशी आठ अंकाचे वाटलेले काम आता चारचे झाले होते. आकड्यावर अण्णांचा विश्वास होता. आरशावर कधीच नव्हता.

सवय किती दिवसांत जडते, याविषयी २१ दिवसांचा आकडा लोकांत फिरतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुदत कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवसांपर्यंत लागेल असे दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. त्याच अभ्यासात असेही आढळले, की एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडण मोडत नाही. हंगामात, लग्नकार्यात, प्रवासात दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाची वसुली दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायामाने करू नये. नेहमीचाच व्यायाम करावा. वेळ मात्र ठरलेली असावी आणि ती एखाद्या जुन्या सवयीला बांधावी. अण्णांनी ती स्नानाच्या आधीची ठरवली, कारण स्नान चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक संशोधन या विषयाच्या मुळाला हात घालते. केटलिन वुली आणि आयलेट फिशबाख या अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकाऊ नटांच्या वर्गात काहींना आधीच सांगितले गेले, की अवघडलेपण जाणवणे हेच आजचे उद्दिष्ट आहे, ते आले की काम होत आहे असे समजा. अशा शिकाऊंनी इतरांपेक्षा अधिक वेळ तग धरला आणि अधिक धाडस केले. व्यायामावरचा हा प्रयोग नव्हता, तरी त्यातील युक्ती सतरंजीवर उपयोगी पडते. थरथर सुरू झाली की 'आता पुरे' म्हणण्याऐवजी 'आता कामाला लागलो' असे म्हणावे. वेदना तीच राहते, तिचा अर्थ बदलतो. मात्र ही युक्ती पहिल्या दोन दुःखांपुरती. तिसऱ्याला ती लावू नये.

सोबतीचे महत्त्वही मोठे. अण्णांच्या पत्नी महिन्याभराने सहभागी झाल्या. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होतात. भार पेलणाऱ्या व्यायामाने हाडांना आधार मिळतो, म्हणून हा विषय केवळ पुरुषांचा मानणे चुकीचे आहे. ज्यांची हाडे आधीच ठिसूळ आहेत, त्यांनी मात्र पुढे वाकण्याचे आणि पिळण्याचे व्यायाम जाणकाराला विचारूनच करावेत. दोघांपैकी एकाला आळस आला की दुसऱ्याने सतरंजी अंथरायची, असा अलिखित करार झाला.

आहाराचा विचार केल्याशिवाय बळाचा हिशेब पुरा होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. म्हणजे ७० किलो वजनाला सुमारे ५८ ग्रॅम. शाकाहारी पानात हे सहज बसते, पण भात-भाजी-चपातीच्या भरवशावर नव्हे. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. डाळ आणि धान्य एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. जे सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांनी बळाचा व्यायाम सकाळी ठेवावा आणि न्याहारीत डाळीचे धिरडे, दूध असे काही जरूर घ्यावे. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणी वर्ज्य असेल तेव्हा, भाराचा व्यायाम करू नये. दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावरच थांबावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा. आणि भार उचलताना श्वास कोंडून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकाएकी चढतो.

आता वय झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. मारिया फियातारोने या अमेरिकन डॉक्टरांनी १९९० साली वृद्धाश्रमातील दहा रहिवाशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ९० होते. आठ आठवडे देखरेखीखाली त्यांच्या मांड्यांना भाराचा व्यायाम दिला गेला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि एका रेषेत पावले टाकत चालण्याचा त्यांचा वेगही जवळजवळ दीडपट झाला. नव्वदीतील स्नायू जागे होऊ शकतात, तर सत्तावन्न हे काही वय नव्हे.

स्वतःची प्रगती पाहण्यासाठी ब्राझीलचे डॉक्टर क्लाउडिओ आराऊजो यांची कसोटी घरच्या घरी, शेजारी कोणीतरी उभे ठेवून, करता येते. अनवाणी उभे राहून जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, कोपर किंवा गुडघा टेकला, अथवा मांडीवर हात ठेवून जोर घेतला, तर प्रत्येक आधारामागे एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत कमी गुण मिळालेल्यांत पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. जमिनीवर बसण्याची रीत ज्या घरांत अजून आहे, त्यांच्याकडे ही कसोटी रोज आपोआप होत असते. तिच्याकडे पाहणारे कोणी नसते एवढेच.

मार्गशीर्षात अण्णांनी ही कसोटी दिली, तेव्हा त्यांना पाच गुण पडले होते. त्यानंतरच्या महिन्यांत दोनदा खंड पडला. एकदा तापामुळे, एकदा भाचीच्या लग्नामुळे. दोन्ही वेळा वहीत कोरी पाने तशीच राहिली आणि पुढच्या पानावर तारीख पुन्हा सुरू झाली. कंबर अधूनमधून कुरकुरते. पण मे महिन्यापासून पहाटे पलंगावर हात टेकणे थांबले आहे.

पुढच्या दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी दुकानात स्टूल कोणी आणले नाही. अण्णा गादीवर मांडी घालून बसले. पूजा आटोपल्यावर उठताना त्यांचा उजवा हात नकळत गादीला टेकला. घरी परतल्यावर त्यांनी लाल वही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे नऊचा आकडा लिहिला.